बिस्बी, अ‍ॅरिझोना: दोन दिवसांच्या सहलीबद्दल वारंवार विचारले जाणारे प्रश्न

फिनिक्स, चँडलर, टूसॉन या भागातल्या मराठी घरांत लाँग वीकेंड जवळ आला की ‘या वेळी कुठे?’ हा विषय निघतोच. भारतातून आई-बाबा आलेले असतील तर जास्तच. ग्रँड कॅनियन झालेलं असतं, सेडोनाही झालेलं असतं. तेव्हा मी बिस्बीचं नाव सुचवते आणि मग त्याच त्या शंका पुन्हा पुन्हा येतात. त्यांची उत्तरं इथे एकत्र लिहिली आहेत. हे गाव माझं फार आवडतं आहे, त्यामुळे काही ठिकाणी उत्तर लांबेल.

बिस्बी नेमकं आहे कुठे?

अ‍ॅरिझोनाच्या आग्नेय टोकाला, म्यूल माउंटन्स नावाच्या डोंगरांच्या एका अरुंद दरीत. मेक्सिकोची सरहद्द तिथून दहा-बारा मैलांवर आहे. गाव साधारण १,६९० मीटर उंचीवर वसलं आहे, म्हणजे आपल्या कळसूबाईच्या शिखराच्याही (१,६४६ मीटर) थोडं वर. आजूबाजूला वाळवंटच, पण फिनिक्सला दिसतं तसं नाही. हात वर करून उभे असणारे उंच सग्वारो निवडुंग इथे दिसत नाहीत. ओक, जुनिपर, घायपात आणि ओकोटियोच्या काटेरी छड्या दिसतात, आणि माती तांबूस-जांभळी.

वस्ती जेमतेम पाच हजारांची. कोचीस काउंटीचं मुख्य ठाणं हेच. शंभर वर्षांपूर्वी मात्र ही अमेरिकेतल्या सर्वांत श्रीमंत खाणवस्त्यांपैकी एक होती आणि ‘तांब्याच्या छावण्यांची राणी’ असं तिला म्हणत. आज त्याच गावात चित्रकार, कुंभारकाम करणारे, दागिने घडवणारे, गाणारे, जुन्या वस्तू विकणारे लोक राहतात. खाण आणि कला, या दोन्हींमुळे लोक तिथे जातात.

सेडोना आणि जेरोम जवळ असताना एवढ्या लांब का जायचं?

सेडोनाचे लाल कडे अप्रतिम आहेत, त्याबद्दल वाद नाही. पण तिथे गाव म्हणून फिरायला गेलं की गर्दी, पार्किंगची रांग आणि महागडी दुकानं एवढंच हाती लागतं. जेरोम हे बिस्बीचं खरं भावंड. तीही तांब्याचीच वस्ती, डोंगराच्या उतारावर टांगलेली, १९५३ मध्ये खाण बंद पडल्यावर ओस पडलेली आणि पुढे कलाकारांनी वसवलेली. फिनिक्सहून दिवसभरात जाऊन यायचं असेल तर जेरोमच निवडा.

पण जेरोमची वस्ती पाचशेच्याही आत आहे. दुपारी चारनंतर तिथे पर्यटक उरतात किंवा कुणीच उरत नाही. बिस्बी हे अजून नांदतं गाव आहे. तिथे शाळा आहे, न्यायालय आहे, वाचनालय आहे, कट्ट्यावर बसणारे म्हातारे आहेत. कलाकारांचं गाव बघायला जायचं तर कलाकार जिथे खरोखर राहतात, भाडं भरतात, मुलं वाढवतात तिथे जावं, असं माझं ठाम मत आहे.

एका दिवसात जाऊन येता येईल का?

टूसॉनहून येईल, कारण अंतर साधारण ९५ मैल आहे आणि पावणेदोन तास लागतात. फिनिक्सहून २०० मैलांच्या पुढे, सव्वातीन ते साडेतीन तास. जाऊन-येऊन सात तास गाडीत काढून चार तास गावात फिरायचं, याला मी सहल म्हणणार नाही.

एक रात्र राहाच. दिवसा आलेले लोक संध्याकाळी परततात आणि गाव गावकऱ्यांच्या ताब्यात जातं. दरीच्या दोन्ही अंगांना घरांचे दिवे लागतात, ब्रूअरी गल्च नावाच्या जुन्या गुत्त्यांच्या गल्लीत कुठे ना कुठे कुणी गिटार घेऊन बसतं. शक्य असेल तर महिन्याचा दुसरा शनिवार धरा. त्या संध्याकाळी गॅलऱ्या उशिरापर्यंत उघड्या असतात आणि कलाकार स्वतः भेटण्याची शक्यता जास्त असते.

कोणत्या महिन्यात जावं?

ऑक्टोबर आणि नोव्हेंबर सर्वांत उत्तम. मार्च-एप्रिलही छान, पण वारा जोराचा असतो. डिसेंबर-जानेवारीत रात्री गोठतात, क्वचित बर्फही पडतं. जाडे कपडे न्या. उन्हाळ्यात फिनिक्स ४३ अंशांवर तापलेलं असताना बिस्बीत पारा साधारण ३२ च्या आसपास असतो, म्हणून बरेच लोक जूनमध्ये पळून जातात.

जुलै-ऑगस्टबद्दल वेगळं सांगायला हवं. अ‍ॅरिझोनातही पावसाळ्याला मॉन्सूनच म्हणतात, आणि बिस्बीत वर्षभरातला निम्म्याच्या आसपास पाऊस या दोन महिन्यांतच पडतो. दुपारी ढग दाटतात, गडगडाट होतो, तासाभरात कोसळून आकाश मोकळं. महाराष्ट्रात वाढलेल्या माणसाला त्या ओल्या मातीच्या वासानं भरून येतं. पण हे गाव दरीच्या तळाशी आहे. मेन स्ट्रीट म्हणजे मुळात ओढ्याचं पात्र. तांबं गाळणाऱ्या भट्ट्यांसाठी आणि खाणीतल्या टेकूंसाठी सुरुवातीच्या वर्षांत डोंगर उघडे-बोडके केले गेले, आणि मग दर पावसाळ्यात चिखलाचे लोंढे थेट दुकानांत शिरू लागले. शेवटी पाणी वाहून न्यायला रस्त्याखालून मोठे बंदिस्त नाले बांधावे लागले. ते आजही काम करतात, तरी मोठी सर आली की रस्त्यावरून पाणी धावतं. पावसाची चिन्हं दिसली तर गाडी उताराच्या तळाशी लावू नका.

गाडीनं कसं जायचं? रस्ता अवघड आहे का?

गाडी हवीच. रेल्वे नाही, आणि गावात पोचल्यावर टॅक्सी मिळेल या भरवशावर राहू नका. आय-१० महामार्गानं टूसॉन ओलांडून बेन्सनला यायचं, तिथे ३०३ क्रमांकाच्या फाट्यावरून ८० क्रमांकाचा राज्यरस्ता धरायचा. तो टॉम्बस्टोनमधून बिस्बीला जातो. ३०२ च्या फाट्यावरून सिएरा व्हिस्टामार्गेही जाता येतं. तिथे देशी किराण्याची सोय शोधण्यापेक्षा मोठ्या दुकानांतून दूध-फळं घेऊन ठेवा.

रस्ता सरळ आहे, शेवटची काही मैलं घाटाची. आपले घाट चढलेल्यांना तो अवघड वाटणार नाही. शेवटी म्यूल पासचा बोगदा लागतो. १९५८ मध्ये तो खुला झाला. त्यातून बाहेर पडताच खाली दरी आणि तिच्यात एकावर एक रचलेली घरं अचानक समोर येतात. गाडीतल्या सगळ्यांना आधीच सांगून ठेवा, फोनमधून मान वर काढायला.

फिनिक्स ते टूसॉन या टप्प्यात उन्हाळ्यात धुळीची वादळं येतात, विशेषतः पिकाचोच्या आसपास. समोरचं दिसेनासं झालं तर रस्त्यावरून पूर्ण बाजूला घ्या, सगळे दिवे बंद करा आणि ब्रेकवरचा पाय काढा. दिवे चालू राहिले तर मागून येणारा त्यांनाच रस्ता समजून तुमच्यावर येऊन आदळतो. हे भारतातल्या सवयीच्या नेमकं उलट आहे, म्हणून मुद्दाम लिहिलं.

गावात गेल्यावर सुरुवात कुठून करावी?

खाणीपासून. गॅलऱ्या, कॅफे, दुकानं सगळं नंतर. ही माझी एकमेव सक्तीची सूचना समजा. बिस्बीत आधी दुकानं बघितली तर ते ‘गोंडस’ गाव वाटतं. खाणीतून वर आल्यावर बघितलं तर प्रत्येक भिंत, प्रत्येक जिना, प्रत्येक उतारावरचं घर का तसं आहे ते कळतं.

क्वीन माइनमध्ये पर्यटकांना घेऊन जाणारी छोटी रेल्वे आहे. हेल्मेट, दिवा आणि वर घालायचं पिवळं कापड मिळतं, बाकावर दोन्ही बाजूंना पाय टाकून घोड्यासारखं बसायचं, आणि गाडी डोंगराच्या पोटात शिरते. आत बाराही महिने सुमारे ८ अंश सेल्सिअस तापमान असतं, त्यामुळे बाहेर कितीही ऊन असलं तरी स्वेटर घ्या. तासाभराहून थोडा जास्त वेळ लागतो. कित्येक वर्षं वाटाडे म्हणून याच खाणींत काम केलेले निवृत्त कामगारच असत. आता त्या पिढीतले फार थोडे उरले आहेत. असा कुणी भेटला तर तुमचं नशीब. त्यांना प्रश्न विचारा, ते मनापासून बोलतात.

आत कळतं ते असं. मेणबत्तीच्या उजेडात माणसं खडकाला हातानं भोकं पाडत. मग कार्बाइडचे दिवे आले, मग बॅटरीचे. सुरुंग कोणत्या क्रमानं उडवायचे याचं पक्कं शास्त्र होतं: आधी मधले, मग कडेचे, सगळ्यांत शेवटी तळाचे, म्हणजे फुटलेला खडक नीट पुढे येऊन पडे. खनिजाच्या डब्या ओढायला खेचरं होती आणि ती वर्षानुवर्षं जमिनीखालीच राहत. वाटाडे सांगतात की खेचराला डब्या जोडण्याचे आवाज मोजता येत आणि नेहमीपेक्षा एक जास्त जोडली की ते जागचं हलत नसे. मुलांना सर्वांत जास्त आठवतो तो खाणीतला शौचालयाचा डबा.

ही सफर सुरू झाली तीही गावाच्या जिद्दीतून. १९७५ मध्ये खाणी बंद पडल्या, रोजगार गेला. गावचे तेव्हाचे महापौर चक ईड्स यांनी बंद खाण लोकांना दाखवण्याची कल्पना काढली, गावकऱ्यांनी स्वतः राबून मलबा उपसला, आणि १ फेब्रुवारी १९७६ रोजी पहिली गाडी आत गेली.

तिकीट आधीच काढून ठेवा. सुट्टीच्या दिवसांत जागा संपतात. बंद जागेत घाबरल्यासारखं होत असेल तर सुरुवातीलाच वाटाड्याला सांगा.

लहान मुलांना खाणीत घेतात का?

६ वर्षांखालच्यांना नाही. तान्हं बाळ सोबत असेल तर आई-बाबांनी आळीपाळीनं जावं. खाली थांबणाऱ्यांसाठी जवळच जुन्या कंपनी-कचेरीच्या १८९७ मधल्या इमारतीत खाण-संग्रहालय आहे, स्मिथसोनियन संस्थेशी जोडलेलं. ते छोटं, पण फार नीट मांडलेलं आहे.

आई-बाबांना पायऱ्या झेपतील का?

हा सर्वांत जास्त विचारला जाणारा प्रश्न, आणि त्याचं उत्तर गुडघ्यांवर अवलंबून आहे.

बिस्बीत सपाट जागा नाहीच. कामगारांनी जागा मिळेल तिथे, डोंगराच्या अंगावर, लाकडाची छोटी घरं बांधली. त्यांच्यापर्यंत रस्ते पोचणं शक्य नव्हतं, म्हणून जिने झाले. १९३० च्या दशकातल्या मंदीत सरकारी रोजगार योजनेतून हे जिने काँक्रीटचे बांधले गेले. अजून काही पायऱ्यांवर त्या योजनेची इंग्रजी आद्याक्षरं कोरलेली दिसतात. जुन्या बिस्बीत आजही घरोघरी टपाल येत नाही. लोक खाली पोस्टात येऊन आपलं टपाल घेऊन जातात. ऑक्टोबरच्या तिसऱ्या शनिवारी एक स्पर्धा होते, साडेचार मैलांच्या मार्गावर नऊ जिने आणि हजारावर पायऱ्या. वीकेंडला ती आली तर हॉटेलं भरलेली असतात, तारीख बघून घ्या.

पण आई-बाबांनी जिने चढलेच पाहिजेत असं काही नाही. मेन स्ट्रीट, संग्रहालय, वाचनालय, ब्रूअरी गल्चचा खालचा भाग हे सगळं थोड्या चढ-उतारावर चालत होतं. गाडी एकदा लावली की पुन्हा हलवू नका. ज्यांना चढायचं आहे त्यांनी सकाळी लवकर एखादा जिना धरावा. वर पोचल्यावर समोरच्या डोंगरावरची घरं, गंजलेले पत्रे, परसातली डाळिंबाची किंवा अंजिराची झाडं, कुणीतरी भिंतीवर फुटक्या बश्यांनी केलेली नक्षी, हे सगळं एका नजरेत येतं. उंचीमुळे पहिल्या दिवशी धाप लागते. पाणी जवळ ठेवा, दम खात चढा.

एक विनंती आहे. हे जिने लोकांच्या ओसऱ्यांना अगदी खेटून जातात. आवाज कमी ठेवा, घरात डोकावून फोटो काढू नका, कुणी दिसलं तर ‘गुड मॉर्निंग’ म्हणा. बहुतेक वेळा समोरून गप्पाच सुरू होतात.

खाणीचं गाव कलाकारांचं कसं झालं?

१८७७ मध्ये लष्कराच्या एका टेहळणी तुकडीला पाण्याचा शोध घेताना इथे धातूच्या खुणा दिसल्या. त्यांनी जॉर्ज वॉरन नावाच्या माणसाला शिधासामग्री देऊन हक्क नोंदवायला पाठवलं. वॉरननं जोडीदारांना डावलून दावे स्वतःच्या नावावर केले. पण १८८० मध्ये त्यानं एक पैज लावली: घोड्यावरच्या माणसाला मी धावत हरवीन. पैजेवर लावला होता कॉपर क्वीन खाणीतला आपला हिस्सा. तो हरला. त्या हिश्श्याची किंमत पुढे कोट्यवधी डॉलर झाली असती. तो कफल्लक अवस्थेत मेला, आणि अ‍ॅरिझोनाच्या राजमुद्रेवर कुदळ-फावडं घेतलेला जो खाणकामगार आहे, तो त्याच्याच छायाचित्रावरून काढलेला आहे.

पुढे फेल्प्स डॉज कंपनी आली आणि जवळजवळ शतकभर गाव तिचंच होतं. दुकान कंपनीचं, दवाखाना कंपनीचा, वाचनालयही कंपनीच्याच पैशातून उभं राहिलेलं. १८८२ मध्ये सुरू झालेलं ते कॉपर क्वीन वाचनालय अ‍ॅरिझोनातलं सर्वांत जुनं, अखंड चालू असलेलं वाचनालय आहे, आणि २०१९ मध्ये त्याला अमेरिकेतलं सर्वोत्कृष्ट लहान वाचनालय म्हणून गौरवलं गेलं. खाणींतून एकूण सुमारे ८ अब्ज पौंड तांबं निघालं.

१९७४ ला उघडी खाण थांबली, १९७५ ला जमिनीखालची. कामगार दुसरीकडे गेले, घरं मातीमोल झाली. नेमकं तेव्हाच शहरातल्या भाड्यांना कंटाळलेले तरुण चित्रकार, कवी, हिप्पी इथे आले. हातात पैसे नव्हते, पण घर घेण्याइतके पुरले. त्यांनीच गळकी छपरं दुरुस्त केली, पडकी दुकानं उघडली. १९०५ ची जुनी सेंट्रल स्कूलची इमारत आज कलाकारांच्या स्टुडिओंसाठी वापरली जाते. २०१३ मध्ये समलिंगी जोडप्यांच्या सहजीवनाला मान्यता देणारं अ‍ॅरिझोनातलं पहिलं गाव बिस्बी ठरलं, तेही याच मोकळेपणातून.

म्हणून मी वारंवार म्हणते की इथली कला कुणी पर्यटनासाठी आणून ठेवलेली नाही. खाण गेली म्हणून घरं स्वस्त झाली, घरं स्वस्त झाली म्हणून कलाकार टिकले. आता त्याच घरांच्या किमती वाढल्या आहेत, अनेक घरं सुट्टीच्या भाड्यासाठी जाताहेत, आणि नव्या कलाकाराला तिथे जागा परवडणं अवघड होतंय. तुम्ही तिथे जाऊन काही विकत घेणार असाल तर घडवणाऱ्याच्या हातूनच घ्या.

काय विकत घेण्यासारखं आहे?

मातीची भांडी, छापील चित्रं, तांब्याचे दागिने, हातानं घडवलेल्या टोप्या, जुनी पुस्तकं. आणि फिरोजा. ‘बिस्बी ब्लू’ हा गडद निळा, तपकिरी शिरांचा फिरोजा रत्नांच्या दुनियेत नावाजलेला आहे. तो तांब्याच्या खाणकामात अनायासे निघायचा; खाणी बंद झाल्यापासून नवा निघत नाही. त्यामुळे खरा बिस्बी ब्लू महाग असतो. रंगवलेला पांढरा दगड फिरोजा म्हणून जगभर विकला जातो. दगड कुठल्या खाणीतला, त्याला काही प्रक्रिया केली आहे का, हे सरळ विचारा आणि पावतीवर लिहून घ्या. चांगला विक्रेता त्याचा राग मानत नाही. स्वस्तात मिळाला तर तो बिस्बीचा नाही असं समजून, आवडला तर शोभेचा म्हणून घ्या.

रस्त्याकडेचा तो प्रचंड खड्डा कसला?

लॅव्हेंडर पिट. नाव फुलाचं नाही, हॅरिसन लॅव्हेंडर या खाण-व्यवस्थापकाचं. १९५० च्या दशकाच्या सुरुवातीपासून १९७४ पर्यंत इथे डोंगर वरून कापत नेला. खोली सुमारे २७५ मीटर. ८० क्रमांकाच्या रस्त्यालाच थांबा आहे, जाळीतून बघायचं. लाल, जांभळे, पिवळे थर सुंदर दिसतात, आणि त्याच वेळी पोटात खड्डा पडतो, कारण या जागी वस्त्या होत्या. पंधरा मिनिटं पुरे.

तिथूनच पुढे लोवेलचा एरी स्ट्रीट आहे, त्या खड्ड्यातून वाचलेला रस्त्याचा तुकडा. १९५० च्या काळातल्या गाड्या आणि पाट्या जपून ठेवल्या आहेत. बाबांना आवडतो.

१९१७ मध्ये तिथे काय घडलं होतं? संग्रहालयात वाचून कळलं नाही.

हे आपण स्थलांतरितांनी नीट समजून घ्यावं, म्हणून सविस्तर सांगते.

पहिलं महायुद्ध चालू होतं, तांब्याला प्रचंड भाव होता. खाणीत मेक्सिकन, सर्बियन, फिनिश, आयरिश, कितीतरी देशांचे लोक राबत होते. मेक्सिकन कामगारांना कमी मजुरीची, जमिनीवरची कामंच मिळत. चिनी लोकांना तर गावात रात्री राहायचीही मुभा नव्हती. दिवसा भाजी विकायची आणि अंधार पडायच्या आत निघायचं. जून १९१७ च्या शेवटी कामगारांनी सुरक्षितता आणि समान वागणुकीच्या मागण्यांसाठी संप केला.

१२ जुलैच्या पहाटे शेरीफ हॅरी व्हीलरनं जवळपास २,००० हत्यारबंद लोकांना दंडाला पांढऱ्या पट्ट्या बांधून रस्त्यावर उतरवलं. त्यांनी घराघरांतून संपकऱ्यांना, आणि संपात नसलेल्यांनाही, बाहेर काढलं. त्यांना चालवत वॉरन भागातल्या बेसबॉलच्या मैदानात नेलं. तिथे जवळपास १,२०० जणांना गुरांच्या डब्यांत कोंबून शेजारच्या न्यू मेक्सिकोत नेऊन वाळवंटात सोडून दिलं. प्रवास सोळा तासांचा, खायला काही नाही, पाणी नावापुरतं. परत आलात तर जीव जाईल अशी धमकी. गावावर कित्येक महिने पहारा होता.

राष्ट्राध्यक्ष विल्सन यांनी नेमलेल्या आयोगानं हे कृत्य पूर्णपणे बेकायदा ठरवलं. तरीही एकालाही शिक्षा झाली नाही. १९२० मध्ये सर्वोच्च न्यायालयानंही म्हटलं की हा केंद्राच्या अखत्यारीतला गुन्हा नाही, राज्यानं बघावं. गावात ज्यांना हाकललं त्यांची आणि ज्यांनी हाकललं त्यांची घरं शेजारीशेजारी होती, काही वेळा एकाच कुटुंबात. कित्येक दशकं यावर कुणी मोठ्यानं बोलत नसे.

१९०९ मध्ये बांधलेलं ते मैदान, वॉरन बॉलपार्क, अजून आहे आणि तिथे अजून सामने होतात. गावापासून काही मिनिटांवर. मुलं समजत्या वयाची असतील तर त्यांना तिथे नक्की घेऊन जा आणि हे सांगा.

शाकाहारी खाणं मिळतं का?

मिळतं. पिझ्झा, सँडविच, मेक्सिकन, चांगली कॉफी. मेक्सिकन पदार्थांतल्या घोटलेल्या राजम्यात डुकराची चरबी असू शकते, आणि भातात कोंबडीचं पाणी. दोन्ही विचारून घ्या. सोमवार ते बुधवार अनेक हॉटेलं बंद असतात आणि रात्री स्वयंपाकघरं लवकर आवरतात, म्हणून आठच्या आत जेवायला बसा. आम्ही धपाटे, दशम्या आणि शेंगदाण्याची चटणी नेतोच. आई-बाबांना सकाळी त्याचा आधार वाटतो.

राहायला कुठे?

जुन्या बिस्बीत, चालत फिरता येईल असं. १९०२ चं कॉपर क्वीन हॉटेल अजून चालू आहे. भुतांच्या गोष्टींसाठी ते प्रसिद्ध आहे, मुलांना आधी सांगायचं की नाही ते तुम्ही ठरवा. जुन्या घरांत किंवा कामगारांच्या झोपड्यांत केलेल्या खोल्याही मिळतात. बुकिंग करण्याआधी एकच प्रश्न विचारा: गाडी लावल्यापासून दारापर्यंत किती पायऱ्या? काही घरांना साठ-सत्तर असतात, आणि बॅगा तुम्हालाच न्यायच्या असतात.

जाता-येता आणखी काय बघावं?

कार्चनर केव्हर्न्स, बेन्सनजवळ. दोन तरुणांना १९७४ मध्ये ही जिवंत, अजून वाढती गुहा सापडली आणि तिचं नुकसान होऊ नये म्हणून त्यांनी चौदा वर्षं ते गुपित ठेवलं. १९९९ मध्ये ती लोकांसाठी खुली झाली. आत कॅमेरा-फोन नेता येत नाही. तिकीट आधी काढा. माझ्या मते या भागातली ही सर्वांत सुंदर जागा.

हिवाळ्यात गेलात तर व्हाइटवॉटर ड्रॉ. मॅकनीलजवळच्या या पाणथळीवर सँडहिल क्रेन हजारोंनी उतरतात. आपल्याकडे येणाऱ्या करकोच्यांचे हे भाऊबंद. पहाटे ते चरायला उडतात आणि दुपारच्या सुमारास परततात, त्या दोनपैकी एक वेळ गाठा. दुर्बीण न्या.

टॉम्बस्टोन वाटेवरच आहे. कायद्याचे रक्षक आणि काउबॉय यांच्यातली, २६ ऑक्टोबर १८८१ ची, अर्ध्या मिनिटाची ती प्रसिद्ध ‘ओके कोरल’ची बंदुकीची चकमक तिथलीच. मुलांना घोडागाडी आणि टोप्या आवडतात. दोन तासांपेक्षा जास्त वेळ देऊ नका.

परतताना वाटेत तपासणी चौकी असते म्हणतात. काय लागतं?

हो. सरहद्द जवळ असल्यानं उत्तरेकडे परतताना ८० आणि ९० या दोन्ही रस्त्यांवर बॉर्डर पट्रोलची, म्हणजे सरहद्द गस्तीदलाची, चौकी लागते. गाडी थांबवून नागरिकत्व विचारतात. नागरिक नसलेल्या, १८ वर्षांवरच्या प्रत्येकानं आपली कागदपत्रं सोबत ठेवणं कायद्यानंच बंधनकारक आहे. ग्रीन कार्ड असेल तर ते मूळ कार्ड. एच-१बी, एल-१, एफ-१ किंवा पर्यटक व्हिसावर असाल तर पासपोर्ट आणि आय-९४ (अमेरिकेतल्या प्रवेशाची नोंद) ची छापील प्रत. आई-बाबांचे पासपोर्ट घरी कपाटात राहतात, हे सगळ्यात जास्त घडतं. निघायच्या आदल्या रात्रीच गाडीत ठेवा. त्यांना इंग्रजी बोलायचा संकोच असेल तर चालवणाऱ्यानं शांतपणे सांगावं की हे माझे आई-वडील आहेत, भारतातून भेटीला आले आहेत, आणि कागद पुढे करावेत. बहुतेक वेळा मिनिटभरात सोडतात. फोन बाजूला, खिडकी खाली आणि गाडीतली गाणी बंद.